ओलीचं वजन

लातूरच्या मोंढ्यात अण्णाराव मापाड्याला ओळखत नाही असा हमाल सापडणं कठीण. उभी हयात त्यांनी दुसऱ्याचं धान्य तोलण्यात घालवली. दांडीचे तराजू गेले, लोखंडी वजनं भंगारात गेली, लाल आकडे उजळणारे काटे आले, पण अण्णारावांची रीत बदलली नाही. पोतं काट्यावर चढलं की ते आधी पोत्याकडे बघत, मग आकड्याकडे, आणि आकडा थरथरायचा थांबल्याशिवाय तोंडातून शब्द काढत नसत. शेतकरी आणि आडत्या दोघांनीही एकाच माणसावर विश्वास ठेवावा, ही मोंढ्यात सोपी गोष्ट नाही. अण्णारावांनी ती साधली होती, आणि त्याचा त्यांना मनातून अभिमानही होता.

बायको, गुरम्मा, वारल्यापासून घरात ते एकटेच होते. मग त्यांची मुलगी पुनम आपल्या मुलाला घेऊन अर्धापूरहून आली, ती राहायलाच. जावई व्यंकट तिकडे केळीच्या बागेत अडकलेला. तो जमेल तसा यायचा, येताना केळीचा घड आणायचा, आणि जाताना मुलाच्या पायाला हात लावून जायचा, जणू तो मुलगा नसून देव आहे.

मुलाचं नाव हरिओम. चौथं वर्ष लागलं होतं, पण उचलून घेतलं तर दीड वर्षाचं पोर घेतल्यासारखं वाटायचं. हृदयाच्या पडद्याला भोक होतं. चार पावलं चालला की ओठ काळसर पडायचे आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. लातूरच्या डॉक्टर मॅडमनी पुनमला समोर बसवून सगळं सांगितलं होतं.

"याचं शरीर दिवसभर पळत असल्यासारखं असतं. खातो ते सगळं श्वास घेण्यातच जळून जातं. ऑपरेशन मोठं आहे, मुंबईला होईल, पण त्याआधी अंगात थोडी ताकद यायला हवी. अकरा किलोच्या आसपास आला की मी तिकडे कळवते."

"सारखं खाऊ घातलं तर, मॅडम?"

"एका वेळी फार नको, त्याला दम लागतो. थोडं थोडं, पण सकस. खिचडीत तूप, दुधात दाण्याचं कूट, केळं. मीठ कमी. आणि हे लघवीचं औषध रोज सकाळी, चुकवायचं नाही. वजन हळूहळू वाढलं तर चांगलं. दोन-चार दिवसांत एकदम वाढलं, तर लगेच घेऊन यायचं."

अण्णाराव तेव्हा बाहेर व्हरांड्यात हरिओमला कडेवर घेऊन उभे होते. त्यांच्या कानावर घरी येताना पुनमकडून जे आलं, त्यातला त्यांनी धरून ठेवला तो एकच शब्द. अकरा.

दुसऱ्याच दिवसापासून हरिओमचं वजन मोंढ्यात होऊ लागलं. सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी, दुकानाच्या ओट्यावरचा छोटा काटा मोकळा असायचा. अण्णाराव त्यावर धुतलेलं पोतं अंथरायचे आणि नातवाला मांडी घालून बसवायचे. हमाल चहाचे पेले घेऊन भोवती जमायचे. त्यात पुढं महादेवप्पा. तो निलंग्याकडचा, पाठीला कुबड आलेलं पण जिभेला नाही.

"अण्णा, हा माल कुठल्या गावचा?"

"अर्धापूरचा."

"मग केळीच्या भावानं लावा. सोयाबीनमंदी न्हाई बसायचा ह्यो."

"मी केळी न्हाई," हरिओम म्हणायचा. "मी वाघ हाय."

"अय्यो! वाघ? मग पिंजरा आणायचा सोडून काटा कामून आणला रे बाबा?"

"बारदान कापा, अण्णा," दुसरा कोणीतरी ओरडायचा. "चड्डी लई जड हाय वाघाची."

हरिओम हसायचा, आणि हसता हसता धापा टाकायचा. मग सगळे आपापल्या पेल्यात बघायचे. अण्णाराव आकडा बघायचे, पण मोठ्यानं बोलायचे नाहीत. लेकराचं वजन चारचौघांत पुकारलं तर दृष्ट लागते, हे त्यांच्या आईनं सांगितलेलं त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. पोराला कडेवर घेऊन ते घरी जायचे आणि पुनमच्या कानाजवळ आकडा सांगायचे.

तो आकडा काही हलत नव्हता. पुनम दिवसभर वाटी-चमचा घेऊन मुलाच्या मागं असायची. मऊ खिचडी, तुपात परतलेला शिरा, कुस्करलेलं केळं. हरिओम दोन घास खायचा आणि तिसऱ्याला मान फिरवायचा. ती गोष्टी सांगायची, कावळ्याचा घास, चिमणीचा घास, कधी रडकुंडीला येऊन म्हणायची, "खा रे माझ्या राजा, आईवर उपकार कर." महिन्यात चिमूटभर वाढायचं आणि एका खोकल्यात ते निघून जायचं. व्यंकटचा फोन यायचा तेव्हा पहिला प्रश्न तोच असायचा. पुनम म्हणायची, "हाय तेवढंच हाय."

अण्णाराव मात्र मापाडी होते. काटा पुढं का जात नाही याचं कारण शोधल्याशिवाय त्यांना चैन पडेना. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पोराला दोनदा तोललं, औषधाच्या आधी आणि औषधानंतर. औषध घेतल्यावर हरिओम तीन-चारदा मोरीत गेला होता, आणि काटा खाली आला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

"पुनम," ते संध्याकाळी म्हणाले, "तू दिवसभर भरवतीस ते हे औषध सकाळी उतरवून राहिलंय."

"अण्णा, ते लघवीचं औषध हाय. अंगातलं जास्तीचं पाणी काढतं म्हणून दिलंय मॅडमनी."

"ह्याच्या अंगात जास्तीचं काय हाय, बाई? हाडं तर दिसून राहिलीत."

"ते मॅडमला कळतं. तुम्ही तुमचा मोंढा बघा."

ती हसून म्हणाली होती. अण्णारावही हसले. पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नाही. पोरगी शिकलेली असली तरी काटा तिनं पाहिला नव्हता. त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. काटा खोटं बोलत नाही, याच भरवशावर त्यांचा सारा जन्म गेला होता.

सकाळचं औषध देण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. पुनम त्या वेळी अंघोळीत असायची, किंवा नळ आलेला असला तर पाणी भरण्यात. अण्णारावांनी आधी टोपण अर्धं भरायला सुरुवात केली. मग पाव. मग नुसती जिभेला चव लावायची आणि उरलेलं मोरीत ओतून वर तांब्याभर पाणी टाकायचं. हरिओमला ते कडू औषध नकोच असायचं. तो आजोबांकडे बघून डोळे मिचकवायचा, आणि अण्णारावांना वाटायचं, आपण पोराचं भलं करतोय.

आणि काटा चढू लागला.

दिवाळी तोंडावर आली होती. हरिओमचे गाल भरले. हातावरच्या शिरा दिसेनाशा झाल्या. शेजारची सरजाबाई फाटकातून डोकावून म्हणाली, "पुनम, काय खाऊ घालून राहिलीस गं? लेकरानं आता कुठं बाळसं धरलं!" पुनमनं त्याच्या कानामागं काजळाचं बोट लावलं. त्या आठवड्यात ती पहिल्यांदा गुणगुणत स्वयंपाक करताना दिसली. आईचा तो चेहरा पाहून हरिओमही एखादा घास जास्त खायचा.

एकदाच तिनं विचारलं, "अण्णा, लई भराभर वाढून राहिलंय का? मॅडम म्हणाल्या होत्या, एकदम वाढलं तर आणा."

"एकदम कुठं? रोज थोडं थोडं वाढतंय. आणि आता ज्यासाठी नवस बोलतो तेच झालं तर त्यालाही भ्यायचं का?"

तिला हे ऐकायचंच होतं, म्हणून तिनं ते ऐकलं.

अकराचा आकडा काट्यावर उजळला त्या सकाळी मात्र अण्णारावांना राहवलं नाही. "झालं!" ते ओरडले. महादेवप्पानं हरिओमला खांद्यावर घेतलं, अण्णारावांनी पेढे मागवले, सगळ्या ओळीत वाटले. "वाघ निघाला मुंबईला," महादेवप्पा प्रत्येक दुकानासमोर सांगत फिरला. खांद्यावरचा वाघ मात्र त्या दिवशी हसत नव्हता. त्यानं महादेवप्पाच्या मुंडाशावर गाल टेकवला होता. "झोप झाली न्हाई वाटतं," कुणीतरी म्हणालं. खरंच झाली नव्हती. आडवं केलं की त्याला खोकला यायचा, म्हणून पुनम त्याला मांडीवर बसवून ठेवायची. पण थंडी पडली होती, आणि थंडीत पोरं खोकतातच.

मॅडमची वेळ सोमवारची मिळाली. व्यंकट रविवारी येणार होता. पुनमनं मुंबईची बॅगही भरायला काढली.

शुक्रवारी मोंढ्यात सोयाबीनचे ढीग लागले होते. काढणीत पाऊस झालेला, माल बहुतेक ओला. अशा वेळी मापाड्याचा जीव जातो, कारण शेतकरी म्हणतो वाळवलाय आणि आडत्या म्हणतो भिजवलाय. यंत्र लावून ओल मोजतात, तरी यंत्रावरून भांडण झालं की अण्णारावांना बोलावणं यायचं. चाकूरकडचा एक तरणा शेतकरी आपल्या ढिगापुढं हात पसरून उभा होता.

"काका, तुम्हीच सांगा. दोन दिवस अंगणात पसरलावता. वरून बघा, कसा खडखडीत हाय."

अण्णारावांनी बाही सारली आणि कोपरापर्यंत हात ढिगात घातला. वरचा दाणा वाळलेला होता. आत मात्र थंडगार ओल होती.

"बापू, वरून वाळलाय. आत ओल हाय," ते म्हणाले. "काटा जास्ती दाखवील, पण तो दाणा नव्हं. ते पाणी हाय."

असं त्यांनी आयुष्यात हजारदा म्हटलं असेल. हात तसाच ढिगात राहिला. शेतकरी काहीतरी बोलत होता, आडत्या काहीतरी बोलत होता. अण्णारावांना सकाळी कडेवर घेतलेल्या पोराच्या मांडीचा थंडपणा आठवला. गुबगुबीत मांडी, पण थंड.

"अण्णा? काय झालं?" महादेवप्पानं खांदा हलवला.

त्यांनी हात काढला आणि चालायला लागले. काटा चालू, पोती लागलेली, आणि मापाडी निघून गेलेला, असं त्या मोंढ्यात कुणी पाहिलं नव्हतं.

घरी पुनम उंबऱ्यात उन्हाला बसली होती, हरिओम तिच्या मांडीवर कलंडलेला. अण्णारावांनी त्याचं पाऊल हातात घेतलं. चप्पल काढली तर पट्ट्याची खोल रेघ उमटलेली. सोयाबीनचा दाणा दाबून बघतात तसा त्यांनी अंगठा पायावर दाबला आणि उचलला. खळगा पडला. तो भरून येईल म्हणून ते बघत राहिले. तो भरून आला नाही.

"काय बघून राहिलाव, अण्णा?"

"रिक्षा बोलव," ते म्हणाले. "आत्ता."

दवाखान्यात मॅडमनी हरिओमच्या छातीला नळी लावून ठोके ऐकले, पोटावर हात ठेवला, पापण्या पाहिल्या. त्याला ऑक्सिजन लावायला सांगितलं आणि मग पुनमकडे वळल्या.

"हे सगळं पाणी साचलंय. फुफ्फुसातही. औषध चालू होतं ना?"

"हाव मॅडम, रोज. एक दिवस चुकवलं न्हाई. अण्णा स्वतः देतात सकाळी."

"नीट आठवून सांगा. औषध घेऊन हे झालं असेल तर मला दुसरंच काहीतरी शोधावं लागेल."

"मॅडम, खरंच न्हाई चुकवलं. विचारा की अण्णांना."

पुनम निःशंकपणे वडिलांकडे बघत होती. अण्णारावांच्या हाताला अजून सोयाबीनची धूळ होती. न बोलता राहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. बाटली तर वेळेवर संपतच होती. पण पोराचं हृदय त्या उत्तरावर टांगलेलं होतं.

"मी देत नव्हतो," ते म्हणाले.

"काय?"

"औषध. मोरीत टाकत होतो. त्यानं काटा उतरत होता, म्हणून."

मॅडम नर्सला इंजेक्शनचं नाव सांगून आत गेल्या. पुनम तिथंच उभी राहिली. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "रोज?"

"रोज."

ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

दोन-तीन दिवसांत इंजेक्शनांनी बरंच पाणी उतरलं. गालांची सूज गेली, बरगड्या परत दिसू लागल्या. वॉर्डातल्या काट्यावर हरिओमला ठेवलं तेव्हा पुनमनं आकडा पाहिला. काही महिन्यांपूर्वी ती माहेरी आली तेव्हापेक्षाही तो कमी होता.

"हे याचं खरं वजन," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "मधल्या काळात तो वाळत होता, वरून पाणी भरत होतं म्हणून दिसलं नाही."

रविवारी व्यंकट आला. पुनमनं त्याला काय सांगितलं ते अण्णारावांना कळलं नाही. तो त्यांच्याजवळ बाकावर येऊन बसला आणि म्हणाला, "जेवलाव का, मामा?" त्यापेक्षा त्यानं कानफटात मारली असती तर बरं झालं असतं.

मग हरिओमला ताप आला. पाण्यानं भिजलेल्या फुफ्फुसात न्यूमोनिया झाला. मॅडमनी अण्णारावांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं की अशा मुलांना न्यूमोनिया कधीही होतो, औषध चालू असतं तरी झाला असता कदाचित. अण्णारावांनी मान हलवली, पण त्या "कदाचित"चा आधार घेतला नाही.

हरिओमला तहान फार लागायची. आणि पाणी मोजून द्यायचं होतं. जास्त गेलं की छाती पुन्हा भरायची. नर्सनं दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून दिलं, तेवढ्यातच भागवायचं. पुनमला ते जमेना. मुलगा "आई, पाणी" म्हणाला की तिचा हात बाटलीकडे जायचा. तिनं बाटली वडिलांसमोर ठेवली. दवाखान्यात आल्यापासून ती त्यांच्याशी आपण होऊन बोलली ती अशी:

"मोजायचं काम तुमचंच हाय, अण्णा."

अण्णाराव उशाशी बसून राहिले. बाटलीच्या बुचात पाणी ओतायचं, त्याच्या ओठाला लावायचं, मग ओल्या कापसानं ओठ पुसायचे. हरिओम बुचाची कडासुद्धा चाटायचा.

"अजून."

"थोड्या वेळानं, राजा."

"आत्ता."

"आत्ता डॉक्टर रागावतील."

"तू लबाड हायस, आबा."

"हाव," अण्णाराव म्हणायचे. "हाय मी लबाड."

महादेवप्पा येऊन गेला. त्यानं दारातून वाघाला हाक मारली, वाघानं डोळे उघडले नाहीत. महादेवप्पानं मुंडासं काढून हातात धरलं आणि मागच्या मागं निघून गेला.

नंतरच्या एका दुपारी मॅडमनी पुनम आणि व्यंकटला खोलीत बोलावलं. काचेतून अण्णारावांना फक्त मॅडमचे हात दिसत होते, टेबलावर एकमेकांत गुंतवलेले. व्यंकटनं भिंतीला डोकं टेकवलं. पुनम एकटीच परत आली. ती रडत नव्हती. तिनं अण्णारावांच्या हातातली बाटली आणि बूच काढून घेऊन खिडकीत ठेवलं. कोपऱ्यातला तांब्या उचलला, पेला काठोकाठ भरला, हरिओमच्या मानेखाली हात घालून त्याला उचलून बसवलं आणि पेला वडिलांपुढं केला.

"पाजा त्याला."

अण्णारावांनी पेला घेतला. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "किती?"

"मोजू नका."

त्यांनी पेला ओठाला लावला. हरिओमनं एक घोट घेतला, मग दुसरा. तिसरा हनुवटीवरून गळ्यात उतरला, आणि पुनम तो ओढणीनं टिपत राहिली. "गार हाय," हरिओम म्हणाला, आणि डोळे न उघडता त्यानं परत तोंड पुढं केलं.